प्रज्ञाचा डावा हात

प्रज्ञा,

तुला हे ऐकू जाणार नाही, हे मला माहीत आहे. तुलाही ते माहीत असतं. ‘बंद पडलेल्या सर्व्हरला कशाला रिक्वेस्ट पाठवून राहिली आहेस, पुणेकर?’ असं म्हणाली असतीस आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसली असतीस. तरी लिहिते आहे. सवय आहे. काहीही नवीन झालं की आधी तुला सांगायचं आणि मग तू त्यात काय खोट काढतेस ते ऐकायचं, ही सवय एका आठवड्यात जात नाही.

आधी स्मशानातली गोष्ट सांगते, कारण ती तुला आवडली असती. मी रस्त्यातच होते तेव्हा तुझ्या भावाचा, मिलिंदचा फोन आला. विद्युतदाहिनीवरचा माणूस विचारत होता की शरीरात काही मशीन आहे का. असेल तर काढून द्या, आत बॅटरी तापून फुटते. मिलिंदनं सांगितलं, “हात आहे.” तो म्हणाला, “कसला हात?” म्हणून मिलिंदनं मला फोन लावला होता. मी पोचले तेव्हा भन्तेजींचं त्रिशरण-पंचशील चालू होतं. ते संपेपर्यंत उभी राहिले, मग पर्समधला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि पुढे झाले. तुझ्या ऑफिसची मंडळी गळ्यात आयकार्ड तशीच घालून आली होती. सगळे बघत होते. मी तुझ्या कोपराखालचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, सर्किट काढलं, झाकण पुन्हा बसवलं. तुझ्या आईनं विचारलं, “पूर्ण काढतेस का, बाई?”

“नाही काकू, फक्त बॅटरी.”

“मग हात राहू दे.”

दाहिनीवरच्या माणसानं खात्री करून घेतली, “मॅडम, आत काही राहिलं नाही ना?” मी म्हटलं, “नाही, काही राहिलं नाही.” त्यानं बॅटरीबद्दलच विचारलं होतं आणि मीही बॅटरीबद्दलच सांगितलं. मी रडले नाही. माझ्या हातात काम होतं, आणि हातात काम असलं की मला रडू येत नाही.

आपली पहिली भेट नारायण पेठेतल्या जुन्या जागेत झाली. सरांचं कृत्रिम हातापायांचं वर्कशॉप तेव्हा तिथे दुसऱ्या मजल्यावर होतं. ज्यांना पाय नाहीत ती माणसं जिना कशी चढणार, हा प्रश्न इतक्या वर्षांत पेठेतल्या कोणालाही पडला नव्हता. मी हिंजवडीतली नोकरी सोडून नुकतीच सरांकडे आले होते. तू जिना चढून आलीस, खांद्याच्या पिशवीतून रबरी हात काढलास आणि माझ्या टेबलावर ठेवलास. तो आमच्याच इथला होता.

“हा परत घ्या. याचा फक्त फोटोत उपयोग आहे.”

मी विचारलं, “आपण काय करता?”

“सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो मला.”

“मी आत्तापर्यंत चुका करणाऱ्यांत होते. डेव्हलपर.”

तू हसलीस. तू खुर्ची ओढून बसलीस आणि मग दुपारभर हलली नाहीस. नगर रोडवर काय झालं ते तू त्या दिवशी एका वाक्यात सांगितलंस. त्यानंतर कधीही सांगितलं नाहीस, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

आमचं काम काय होतं, हे तू पुढे नव्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगायचीस. बोटं उघडणारा-मिटणारा हात तोवर मिळू लागला होता. उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की मोटर फिरते आणि मूठ वळते. पण त्या मुठीला काही कळत नाही. पेला धरला तर सारखं त्याच्याकडे बघत राहावं लागतं; नजर हलली की पेला एकतर निसटतो, नाहीतर फुटतो. सरांना असा हात करायचा होता, ज्याच्याकडे बघावं लागणार नाही. त्यासाठी बोटांच्या टोकांना जे लागतं ते माणसापर्यंत पोचवायला हवं होतं. कसं, ते आम्हाला नीट माहीत नव्हतं. आणि तू म्हणालीस, “मला वेळ आहे.”

तुझ्या उरलेल्या हातावर आम्ही बोटं शोधली, तो दिवस मला लख्ख आठवतो. हात तुटला तरी बोटांकडे जाणाऱ्या नसा वर शिल्लक असतात, आणि काहींच्या बाबतीत त्या कातडीखाली वेड्यावाकड्या पसरतात. तिथे स्पर्श केला की नसलेल्या बोटाला स्पर्श झाल्यासारखं वाटतं. सगळ्यांना असं होत नाही. तू डोळे मिटलेस आणि मी रिफिल काढलेल्या पेनाच्या टोकानं कोपराखाली एकेका जागी हलकेच दाबत गेले. “हात. हात. हातच. काही नाही. हात.” तू कंटाळून सांगत होतीस. मग एका जागी तू थांबलीस.

“करंगळी.”

मी पेन जरा सरकवलं.

“अनामिका. आता मधलं. थांब, परत मागे ये.” आणि मग, “अंगठा. अंगठ्याचं नख.”

मी निळ्या शाईनं ठिपके काढत होते. वर बघितलं तर तुझे डोळे अजून मिटलेलेच होते आणि चेहरा अगदी कोरा. अपघातानंतर तुझ्या त्या बोटांना कोणी हात लावलाच नव्हता. लावणार तरी कुठून? तू म्हणालीस, “बस. आज एवढंच,” आणि उठून जिन्यात जाऊन बसलीस. मी मागे आले नाही. त्या वेळी आपण एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत होतो. तू परत आत आलीस तेव्हा म्हणालीस, “चल, उरलेली शोध.” तेव्हापासून आपण ‘तू’ झालो.

त्या ठिपक्यांवर बसतील अशी छोटी बटणं आम्ही सॉकेटच्या, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या खोबणीच्या, आत लावली. कृत्रिम बोट कशाला टेकलं की आतलं बटण त्याच बोटाच्या ठिपक्यावर दाबायचं. ते चाललंही. डोळे बांधून तू स्पंज आणि लाकूड यांतला फरक सांगायचीस, पेला न फोडता धरायचीस. सर खूश होते. मीही होते. फक्त तू नव्हतीस.

“हा स्पर्श नाही,” तू म्हणायचीस. “हा निरोप आहे. कोणीतरी दारावर टकटक करून सांगतंय, बाई, तुमच्या बोटाला काहीतरी लागलं. मी म्हणते, बरं, कळलं.”

“उपयोग होतोय ना पण?”

“होतोय. पण त्याला स्पर्श म्हणू नका. मी टेस्टर आहे. जे झालं नाही त्याला ‘झालं’ म्हणता येत नाही मला.”

आणि त्यानंतर ते पाहुणे आले. काही बंगळूरचे, काही परदेशातले, सोबत कॅमेरा. काम आवडलं तर ते पुढे न्यायला पैसे देणार होते. तू सगळं बिनचूक करून दाखवलंस. त्यांच्यातल्या एका बाईंनी तुला अगदी अदबीनं विचारलं, आता कॅमेऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल का, की इतक्या वर्षांनी माझ्या हाताला पुन्हा जाणवू लागलंय? सर तुझ्याकडे बघत होते. तू कॅमेऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “मला जाणवत नाही. मला कळवलं जातं. पण हे लोक चांगलं काम करत आहेत.” त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच सांगितलंस, शब्दही न बदलता.

पाहुणे गेले आणि त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही. नारायण पेठेतली जागा परवडेना, म्हणून आम्ही वारज्याच्या शेडमध्ये गेलो. सर बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मीही चिडले होते, ते तुला माहीत होतं. पण तुझं ते वाक्य सरांच्या डोक्यातून जाईना. एकदा सामान लावता लावता ते मला म्हणाले, “ती बरोबर बोलली गं. आपण बाहेरून टकटक करतोय. आत जायला पाहिजे.” आत म्हणजे थेट नसांपर्यंत. मग त्यांनी एका रुग्णालयातल्या सर्जनांना गाठलं, बाहेरच्या एका संशोधन गटाशी बोलणी केली, परवानग्यांच्या मागे लागले. हे सगळं जमायला फार वेळ गेला. जमलं तेव्हा त्यांनी पहिला फोन तुला केला.

तुझ्या दंडात, नसांभोवती, केसासारख्या बारीक तारा बसवायच्या होत्या. त्या कातडीतून बाहेर येऊन कमरेला अडकवलेल्या यंत्राच्या डबीला जोडल्या जाणार होत्या. आणि ठरलेली मुदत संपली की त्या काढायच्या होत्या. हे तुझ्यापासून कोणी लपवलं नाही. तू संमतीपत्राचं पान न् पान वाचलंस, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा केल्यास आणि सही केलीस.

सुरुवातीचे कित्येक आठवडे फक्त मुंग्या. “पाय झोपल्यावर येतात तशा,” तू म्हणायचीस. मी आकडे बदलायचे, तू नाक मुरडायचीस. मग ती दुपार आली. शेडच्या पत्र्यावर ऊन तापलेलं, पंखा घरघरत होता. तू डोळे मिटून बसलेलीस. मी संगणकावर एक जरासा बदल केला आणि कृत्रिम हाताची तर्जनी चिमटीत धरली.

तू म्हणालीस, “कोण आहे?”

“मीच. दुसरं कोण असणार?”

“नाही. कोणीतरी माझं बोट धरलंय.”

“अगं, मीच धरलंय.”

तू डोळे उघडलेस, माझ्या चिमटीकडे बघितलंस आणि वैतागून म्हणालीस, “मग आधी सांगायचं ना!” मग तू म्हणालीस, “परत धर.” मी धरलं. “सोड. परत.” असं आपण किती वेळ करत होतो, ते मी मोजलं नाही. माझ्या कामात न मोजलेली ती एकच गोष्ट असेल.

त्या हिवाळ्यात तुला डबी घरी न्यायची परवानगी मिळाली. तुझी आई नागपूरहून येऊन वाघोलीला तुझ्याकडे राहत होती. सोमवारी तू आलीस की घरी काय काय झालं ते सांगायचीस आणि मी ते नोंदीसाठी ऐकतेय असं दाखवायचे. तू आईबरोबर मटार सोललेस, टीव्ही बघत. पातेलं भरल्यावर तुझ्या लक्षात आलं की हाताकडे तू एकदाही बघितलं नव्हतंस. हे सांगताना तू सहज बोलत होतीस, जणू दुसऱ्याच कोणाच्या तरी घरची गोष्ट. दुसरी गोष्ट मात्र तू तशी सांगितली नाहीस. नगर रोड ओलांडताना आईनं चुकून तुझा डावा हात धरला. अपघातापासून ती नेहमी तुझ्या उजवीकडून चालायची, खरा हात धरता यावा म्हणून.

“ती घाबरली होती, पुणेकर. ट्रक चालले होते. तिच्या तोंडावर काही नव्हतं, पण ती हात दाबून राहिली होती आणि मला ते कळलं. मग मी परत दाबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो आई, कळतं.”

त्या दिवसापासून काकू तुझ्या डावीकडून चालायला लागल्या.

आपला एक वाद त्याच दिवसांतला. पोळ्या करताना तुझ्या रबरी बोटाचं टोक तव्याला चिकटून जळलं आणि तुला ते वासावरून कळलं. तू येऊन म्हणालीस, “याला चटका बसायला पाहिजे.” मी म्हटलं, तापमान कळवण्याची सोय करता येईल, पण वेदना कशाला? मुद्दाम बनवलेल्या हाताला दुखणं कोण देईल? तू म्हणालीस, “जे दुखत नाही ते आपलं कसं?” मी म्हटलं, हे वाक्य भाषणात चांगलं वाटतं, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीपुढे चालणार नाही. तू म्हणालीस, समितीतल्या कोणाचा हात गेलाय का, विचार. आपण पुढची सगळी वर्षं अधूनमधून यावर भांडलो. मी अजूनही माझ्या मतावर आहे. आता समोरून उत्तर येत नाही, एवढंच.

मुदत संपत आली तशी तारा जिथून बाहेर येत होत्या तिथली कातडी लाल व्हायला लागली. सर्जनांनी सांगितलं, आता काढायला हव्यात. तू त्यांना विचारलंस, “नाही म्हटलं तर? माझ्या अंगात आहेत त्या.”

ते प्रामाणिक होते. म्हणाले, “जबरदस्ती कोणी करणार नाही. पण संसर्ग पसरला तर कोपरही वाचवता येईलच असं नाही. विचार करून सांगा.”

तू विचार केलास आणि हो म्हणालीस. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी यंत्रणा बंद करायची होती. मी लॅपटॉपपुढे बसले. तू म्हणालीस, “सरक. मी करते.” उजव्या हाताच्या एका बोटानं तू बटण दाबलंस. मग त्याच बोटानं डाव्या हाताच्या बोटांवर एकेक करून टिचक्या मारल्यास, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि परत उलट. म्हणालीस, “ठीक. बंद झालंय. टेस्ट पास.” आणि पर्स उचलून निघून गेलीस. सर म्हणाले, “धीराची आहे.” मला ते पटलं नव्हतं. धीर वगैरे नव्हता तो. तुझा हात दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी तारीख ठरवून.

त्यानंतर तू माझे फोन घेतले नाहीस. आलीस तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. आल्या आल्या तुझी पहिली मागणी: “तुमच्या संमतीपत्रात लिहिलंय, ‘उपकरण काढण्यात येईल’. ते बदला.”

“काय लिहू?”

“लिहा, हात पुन्हा जाईल.”

समितीनं ते वाक्य घेतलं नाही. पण येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाशी तू आधी बोलशील, हे त्यांनी मान्य केलं. त्यासाठी तू ऑफिसमधून सुट्टी काढून खराडीहून वारज्याला, शहर ओलांडून यायचीस. दार लावून बोलायचीस. काही जण ते ऐकून परत गेले. सरांना वाईट वाटायचं, तू म्हणायचीस, “जाऊ द्या. माहिती घेऊन गेले.” जे थांबले त्यांच्यातला एकही नंतर आमच्याशी रागानं वागला नाही. पुढच्या प्रयोगाला नवी रचना आली, कातडीखालीच राहणारी, तारा बाहेर न येणारी, आणि माणसाची इच्छा असेल तर कायम ठेवता येणारी. हा शेवटचा भाग परवानगीत यावा म्हणून तू समितीपुढे जाऊन बोललीस. मी मागच्या खुर्चीवर होते. तू आवाज चढवला नाहीस, डोळ्यांत पाणी आणलं नाहीस. “तुम्ही मला काय दिलं होतं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला ते काढणं सोपं वाटतं,” एवढं म्हणालीस आणि बसलीस.

तुझ्यासाठी मात्र ते जमणारं नव्हतं. नसांवर आधीचे व्रण होते. सर्जनांनी तपासून तसं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, “टेस्टरला प्रॉडक्ट वापरायला मिळतंच असं नाही.” परतीच्या रिक्षात तू काही बोलली नाहीस. मीही बोलले नाही. तेव्हा काही बोलायला हवं होतं का, मला माहीत नाही. आजही काय बोलायचं ते सुचत नाही.

आता तो दुसरा वाद. एका रविवारी मी वाघोलीला आले होते. आपण तिघी भाजी आणायला निघालो. काकू तुझ्या डावीकडे. रस्ता ओलांडताना त्यांनी तो हात धरला, आणि तू म्हणालीस, “आई, किती जोरात दाबून राहिलीस! दुखतं ना.”

तारा काढून तोवर बराच काळ लोटला होता. जुनी बटणंही आता त्यात नव्हती; त्या हाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं. फार तर कोपराला ओढ जाणवली असेल. घरी आल्यावर तू कांदे चिरत होतीस आणि मी दबक्या आवाजात विचारलं, “तू त्यांना सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“काय सांगितलंस मग?”

“ऑपरेशन झालं, बाहेरच्या तारा काढल्या, आतल्या आहेत म्हटलं.”

“कॅमेऱ्यासमोर एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस तू. सगळं काम गेलं होतं त्यापायी. आणि आईशी खोटं बोलतेस?”

“ते लोक होते. ही आई आहे.”

“म्हणूनच सांग. तिला खरं कळायचा हक्क आहे.”

तू सुरी खाली ठेवलीस. “तिनं एकदा माझा हात जाताना पाहिला आहे. दुसऱ्यांदा काऊन दाखवू? रस्ता ओलांडताना तिला बरं वाटतं, तेवढंच. माझं काय जातं? स्नायू आवळले की हात मिटतो. मी दाबते.”

“आणि कळलं तर? जास्त वाईट वाटेल.”

“बघू.”

हे ‘बघू’ वर्षानुवर्षं चाललं. मी प्रत्येक वेळी विषय काढायचे आणि तू प्रत्येक वेळी ‘बघू’ म्हणायचीस. काकू बाहेरच्या खोलीत असायच्या आणि आपण स्वयंपाकघरात कुजबुजत भांडायचो. मला ते पटत नव्हतं. तू चुकते आहेस, अशी माझी खात्री होती. तुझ्यातली एवढी एकच खोट मला सापडली होती, त्यामुळे मी ती सोडतही नव्हते.

डेंगी झाला तेव्हा तू फोनवर नेहमीसारखीच बोलत होतीस. प्लेटलेट खाली गेल्यात, सगळे पपईच्या पानांचा रस पाजायला टपलेत, म्हणालीस. मग एकदम, “चटक्याचं काय झालं?” मी म्हटलं, “आधी बरी हो, मग भांडू.” दुसऱ्या दिवशी तुला आयसीयूत हलवलं. तिथे मला आत सोडलं तेव्हा तू बोलत नव्हतीस.

काल वाघोलीला गेले होते. काकू मिलिंदबरोबर नागपूरला जायला निघाल्या आहेत. तुझे कपडे बांधून ठेवले होते, पुस्तकं वेगळी केली होती. मिलिंद रिक्षा बघायला खाली गेला. काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “त्या तारा काढल्यावर तिला काही कळत नव्हतं, नाही का?”

इतकी वर्षं मी तुला सांगत होते की सांग, सांग. आणि मलाच विचारलं तर मी उत्तर जुळवू लागले. म्हटलं, “काकू, त्याचं असं आहे…”

“राहू दे. मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. तारा होत्या तेव्हा मी हात धरला की ती माझ्याशी बोलत राहायची आणि बोलता बोलता दाबायची. हाताकडे पाहायची नाही. नंतर आधी हाताकडे पाहायची, मग दाबायची.” त्या जराशा हसल्या. “मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, बाई. कॉपी करणारं पोरगं पण आधी खाली पाहतं.”

“मग तुम्ही काऊन बोलला नाहीत?” ‘का’ऐवजी माझ्याही तोंडून तुमचाच नागपुरी शब्द निघाला.

“काय बोलू? इतकं करून राहिली होती ती माझ्यासाठी. मी बोलली असती तर तिनं हात काढून घेतला असता. मला तिचा हात धरायचा होता. मी धरला.”

खालून मिलिंदनं हाक मारली. काकू उठल्या, त्यांनी खिडक्या लावल्या, गॅसचा नळ बंद आहे ना ते पाहिलं. मला म्हणाल्या, “तुम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडायच्या ना, फार जोरात बोलायच्या.”

प्रज्ञा, ‘सांग’ म्हणणारी मी बरोबर की ‘सांगू नको’ म्हणणारी तू, हे ठरवण्यात आपण इतकी वर्षं घालवली. तेवढ्या वर्षांत काकूंनी आपल्या दोघींना काही विचारलंच नव्हतं.